टुटी फ्रुटी: शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकलेलं गाणं

जुनाट_तबकडी

रॉक एन रोल नक्की कुठल्या गाण्यापासून सुरू झालं यावरून शेजारच्या धाग्यावर हाणामारी चालू आहे (तिकडे जाऊ नका, शंभरी गाठलीय आणि अजून कुणी कुणाचं ऐकत नाहीये). तिथे मी लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रुटी'चं नाव घेतलं तर दोघा-तिघांनी विचारलं की त्यात आहे काय एवढं, चार ओळी आणि आरडाओरडा. म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत वाचायला नको. हे गाणं इतकं जबरी झालं कारण ते बिघडवायला कुणाकडे वेळच नव्हता.

तर लिटल रिचर्ड म्हणजे रिचर्ड पेनिमन, जन्म १९३२, गाव मेकन, राज्य जॉर्जिया. १९५५ पर्यंत आरसीए आणि पीकॉक अशा दोन कंपन्यांसाठी रेकॉर्ड्स काढून झाल्या होत्या, देशभर चालली एकही नाही. पोटासाठी मेकनच्या ग्रेहाउंड बस स्टँडवरच्या किचनमध्ये भांडी घासायचा. भांड्यांचा ढीग काही संपायचा नाही, आणि साहेबाला उलटून बोलायची सोय नाही (अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं, पन्नासचं दशक, पोरगा काळा, समजून घ्या), मग तो ते 'अवॉप बॉप अ लू बॉप...' बडबडायचा. म्हणजे शिवीच, फक्त साहेबाला न कळणारी. हे त्यानेच पुढे मुलाखतीत सांगितलंय. आणि नीट ऐकलंत तर ती शिवी म्हणजे ड्रमचा बोल आहे, गाण्याच्या सुरुवातीला ड्रम असा वाजला पाहिजे हे त्याच्या डोक्यात होतं ते त्याने तोंडाने वाजवलंय.

लॉइड प्राइस या गायकाने त्याला सुचवलं की लॉस एंजलिसच्या स्पेशालिटी रेकॉर्ड्सला टेप पाठव. पाठवली. मग महिनोन् महिने काहीच नाही, हा आपला फोन करून करून त्यांचं डोकं खातोय. शेवटी कंपनीचा मालक आर्ट रूप तयार झाला. रूपला न्यू ऑर्लिन्सच्या फॅट्स डॉमिनो या पियानोवाल्या गायकाच्या रेकॉर्ड्सचा तो भरीव आवाज फार आवडायचा, मग त्याने ठरवलं की याला न्यू ऑर्लिन्सला पाठवायचं, त्याच स्टुडिओत आणि जवळपास त्याच वादकांबरोबर. सोबत प्रोड्युसर म्हणून बम्प्स ब्लॅकवेल. हा गृहस्थ आधी सिअ‍ॅटलला बँड चालवायचा आणि कोवळ्या वयातला क्विन्सी जोन्स (पुढे मोठा संगीतकार-प्रोड्युसर झाला तो) त्याच्याकडे वाजवून गेलेला, म्हणजे कान तयार होता.

स्टुडिओ म्हणजे जे अँड एम, रॅम्पार्ट आणि डुमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर. पुढे रेकॉर्ड्स आणि घरगुती उपकरणांचं दुकान आणि मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. मालक-कम-इंजिनियर कोझिमो मतासा. ब्लॅकवेलने त्या खोलीचं जे वर्णन केलंय ते ऐका. दारातून आत आलं की लगेच ग्रँड पियानो, त्याचं झाकण उघडं, आत एक माइक, आणि सॅक्सोफोनवाले दोघं त्याच माइकच्या दिशेने फुंकतायत. ड्रम दाराच्या बाहेर, त्याला एक माइक. बासवाला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. झालं मिक्सिंग! कुणाचा आवाज कमी हवा असेल तर त्याला दोन पावलं मागे सरकवायचं. मतासा सेशनच्या सुरुवातीला नॉब लावायचा आणि मग त्यांना सहसा हात लावायचा नाही.

सप्टेंबर १९५५, दोन दिवसांचं सेशन. आणि रिचर्ड गातोय संथ, गुळमुळीत ब्लूज. ब्लॅकवेल वैतागला. माणूस बघायला गेलं तर भडक शर्ट, डोक्यावर केसांचा मनोरा, आणि माइकसमोर आला की अंग चोरतोय. टारझनसारखं दिसायचं आणि मिकी माऊससारखा आवाज काढायचा हे जमत नाही, असं ब्लॅकवेल नंतर म्हणाला.

जेवायच्या सुट्टीत सगळे ड्यू ड्रॉप इनमध्ये गेले. हा लासाल स्ट्रीटवरचा काळ्यांचा क्लब, हॉटेल, न्हाव्याचं दुकान, सगळं एकात. तिथे पियानो आणि समोर पब्लिक. झालं, रिचर्ड चढला स्टेजवर आणि क्लबांमधून गायचा ते चावट गाणं दणादणा सुरू केलं. मूळ शब्द इथे लिहिले तर अ‍ॅडमिन धागा उडवतील. एवढंच सांगतो की विषय शरीरसंबंधांचा, त्यातही तेव्हा कायद्याने गुन्हा असलेल्या प्रकारचा, आणि सूर मार्गदर्शनपर :)

ब्लॅकवेलच्या डोक्यात ट्यूब पेटली की हिट गाणं हेच. पण हे शब्द रेडिओवर जाणं शक्यच नव्हतं. डोरोथी लाबॉस्ट्री नावाची एक तरुण गीतकार स्टुडिओच्या आसपास असायची, गाणी घ्या म्हणून मागे लागलेली. तिला बोलावलं. आता रिचर्ड बाईसमोर ते गाणं म्हणायला तयार नाही, लाजला! ब्लॅकवेलने विचारलं की बाबा तुझं पैशाशी वाकडं आहे का. आणि तिला सांगितलं की तुला पोरं आहेत, पैसे हवेत ना, मग ऐक. शेवटी रिचर्डने भिंतीकडे तोंड केलं आणि तसं म्हणून दाखवलं.

ती शब्द लिहून आणेपर्यंत सेशनची शेवटची पंधरा मिनिटं उरली. तोपर्यंत पियानोवर ह्यूई स्मिथसारखा पट्टीचा वादक होता, पण आता त्याला चाल शिकवायला वेळ कुठाय, तर ब्लॅकवेल रिचर्डला म्हणाला तूच बस पियानोवर. रिचर्ड बसला. तीन टेक. संपलं.

दोन दिवस शहाण्यासारखं जे काही रेकॉर्ड केलं ते आज कुणी ऐकत नाही.

तिखट_शेव

भिंतीकडे तोंड करून =)) =)) ऑफिसात वाचतोय, शेजारचा विचारतोय काय झालं.

ड्रमसेटवाला

लेख मस्तच, पण 'बिघडवायला वेळ नव्हता' ला माझा विरोध नोंदवून ठेवा. पंधरा मिनिटांत गाणं होतं कारण खोलीत बसलेली माणसं कोण आहेत ते बघा ना. ड्रमवर अर्ल पामर, टेनर सॅक्सवर ली अ‍ॅलन, बॅरिटोनवर रेड टायलर, बासवर फ्रँक फील्ड्स. ही मंडळी त्या खोलीत वर्षानुवर्षं बसून फॅट्स डॉमिनोला वाजवत होती, नुसतं एकमेकांकडे बघून कळायचं कुठे थांबायचं. तुम्हीआम्ही पंधरा मिनिटांत फक्त ट्यूनिंग करू आणि चहा मागवू.

आता खरी गंमत. त्या काळी न्यू ऑर्लिन्सचे बहुतेक ड्रमर शफल वाजवायचे. एका ठोक्याचे तीन तुकडे करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला सोडा, झाला शफल, तो डुलतो. रिचर्ड मात्र उजव्या हाताने पियानोवर सरळ आठ घाव घालतोय, ठोक्याचे दोन समान तुकडे, डुलणं वगैरे काही नाही, नुसतं ठोकणं. पामरने नंतर सांगितलंय की लोक ज्याला रॉक एन रोल बीट म्हणतात तो मी वाजवायला लागलो तो रिचर्डच्या उजव्या हाताशी जुळवून घेता घेता, माणूस दहाही बोटांनी पियानो बडवतोय म्हटल्यावर त्याच्या विरुद्ध जाऊन चालणारच नव्हतं.

'टुटी फ्रुटी' हेडफोनवर ऐका, फक्त ताल ऐका, शब्द सोडून द्या. पियानो सरळ चाललाय आणि बाकी बँड अजून अर्धा डुलतोय. दोन्ही एकमेकांवर घासतायत आणि त्या घासण्यातून ती धग येतीये. पुढे रिचर्डच्याच 'लुसिल'पर्यंत येता येता सगळेच सरळ वाजवायला लागले, ते पण भारी आहे, पण हे घर्षण तिथे नाही. म्हणजे जुनं संपतंय आणि नवं सुरू होतंय ते एकाच टेकमध्ये सापडलंय, हे वेळ नव्हता म्हणून झालं असं म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणेन पियानोवाला बदलला म्हणून झालं.

बाय द वे पामर लहानपणी टॅप डान्सर होता, आईबरोबर स्टेज शो करत हिंडायचा. त्याच्या पायात ताल कुठून आला ते कळतं.

कोथरूड_सोडलेला

सगळं वाचलं. तरी माझा प्रश्न तसाच आहे. मूळ गाणं अश्लील, धुतल्यानंतरचं गाणं निरर्थक. सू नावाची एक मुलगी, डेझी नावाची एक मुलगी, आणि मध्ये मध्ये आइस्क्रीमचा फ्लेवर. यात काव्य कुठंय? त्याच वर्षी चक बेरी गाण्यात अख्खी गोष्ट सांगत होता. आपण उगाच प्रत्येक जुन्या गोष्टीला डोक्यावर घेतो.

जुनाट_तबकडी

@कोथरूड_सोडलेला, काव्य नाहीच आहे, मान्य. चक बेरी शब्दांचा माणूस, वादच नाही. पण रिचर्डच्या गाण्यात शब्द धुतले तरी गाणारा धुतला गेला नाही हो. तो गातोय मूळ गाणंच! आवाजात तीच मस्ती, तोच डोळा मारणं, आणि मध्येच ती फाल्सेटोतली (मुद्दाम चढवलेल्या पातळ आवाजातली) 'ऊऽऽ' ची किंकाळी, जी गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) गाणाऱ्या बायकांकडून उचललेली. सू आणि डेझी काय करतात ते सेन्सॉरला कळलं नाही, श्रोत्यांना बरोबर कळलं. शब्दांना काही अर्थ उरला नव्हता म्हणून सगळा भार आवाजावर आला असं मला वाटतं.

@ड्रमसेटवाला, पियानोवाला का बदलला? वेळ नव्हता म्हणून! हेमाशेपो, म्हणजे हे माझं शेवटचं पोस्ट (नाहीये).

निळी_शाई

तबकडीकाका, छान लिहिलंय, पण ही जी गोष्ट तुम्ही सांगितलीत ती ब्लॅकवेलची आणि रिचर्डची गोष्ट आहे. डोरोथी लाबॉस्ट्रीला विचारलं तर ती वेगळंच सांगायची. तिचं म्हणणं असं की ती मैत्रिणीबरोबर ड्रगस्टोअरमध्ये गेली होती, तिथे टुटी फ्रुटी नावाचा आइस्क्रीमचा नवा फ्लेवर दिसला, नाव आवडलं आणि त्यावरून गाणं तिने लिहिलं, रिचर्डचा त्यात काही हात नाही. ती हे शेवटपर्यंत म्हणत राहिली.

आता ते संपूर्ण खरं असेल असं मलाही वाटत नाही, कारण रिचर्ड ते चावट गाणं आधीपासून क्लबांमध्ये गायचा हे सांगणारे बरेच आहेत, आणि 'टुटी फ्रुटी' या नावाचं स्लिम गेलार्ड आणि स्लॅम स्टुअर्टचं एक वेगळंच गाणं १९३८ मध्येच येऊन गेलेलं, म्हणजे शब्द हवेत होताच. पण बघा ना, सगळ्यांच्या गोष्टीत बाईचं काम काय, तर लाजायचं, पोरांसाठी पैसे हवेत म्हणून मान डोलवायची आणि पुरुषांनी केलेली घाण साफ करायची. ब्लॅकवेल तर असंही म्हणायचा की तिची सगळी गाणी एकाच चालीवर असायची. असतील. पण त्याच सेशनमध्ये रिचर्डने तिचं 'आय अ‍ॅम जस्ट अ लोनली गाय' रेकॉर्ड केलं आणि तेच या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आहे, हे तुमच्या लेखात आलंच नाही. म्हणजे ती नुसती स्टुडिओबाहेर ताटकळणारी बाई नव्हती, तिचं गाणं घेतलेलं होतं. उलट कामाच्या दिवशी हाताशी असलेली लिहिणारी ती एकटीच, आणि थोड्या वेळात रेडिओवर चालेल असं, मीटरमध्ये बसणारं, रिचर्डच्या तोंडी सहज येईल असं लिहून दिलं. हे धुणं नाही, हे लिहिणं आहे.

तिखट_शेव

ताई +१. बाडीस (बाय डीफॉल्ट सहमत).

बोरीबंदर_फास्ट

ड्यू ड्रॉप इनबद्दल थोडं. तिथला निवेदक पॅट्सी विडेलिया म्हणून होता, साडी नव्हे पण गाऊन नेसून, बाई बनून शो चालवायचा. आणि रिचर्ड स्वतः आधी फिरत्या तमाशांमध्ये प्रिन्सेस लव्हॉन या नावाने बाईच्या वेषात स्टेजवर यायचा. म्हणजे आपल्याकडे मावशी जशी भर फडात काहीही बोलून जाते आणि पब्लिक हसून सोडून देतं, तशी ती जागा होती. ते चावट गाणं अशा माणसाच्या तोंडी होतं. स्टुडिओत बुजलेला माणूस तिथे पोचल्या पोचल्या मोकळा कसा झाला याचं आश्चर्य नको वाटायला, घरीच गेला की तो.

त्याचा पियानो पण तिकडूनच आला. एस्केरीटा नावाचा असाच एक नटवा कलाकार, त्याची गाठ पडली मेकनच्या त्याच बस स्टँडवर, त्याने याला वाजवायला शिकवलं. केसांचा मनोरा कुणी कुणाचा ढापला यावर वाद आहेत.

क्लबच्या मालकाला, फ्रँक पेनिया, १९५२ मध्ये पोलिसांनी धरलं होतं, गुन्हा काय तर झॅकरी स्कॉट हा गोरा नट क्लबमध्ये बसलेला. काळे-गोरे एकत्र बसले म्हणून अटक! या गावात तीन वर्षांनी हे गाणं झालं.

मडगावचो_भाचो

अवांतर वाटेल पण नाही. निरर्थक अक्षरांवर चालणाऱ्या रॉक एन रोलचा विषय निघालाय आणि कुणी अजून अण्णांचं नाव घेतलं नाही? सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे चितळकर! 'ईना मीना डीका', 'आशा' सिनेमा, १९५७, म्हणजे टुटी फ्रुटीनंतर जेमतेम दोन वर्षांनी. म्युझिक रूमच्या बाहेर पोरं 'ईनी मीनी मायनी मो' करत खेळत होती त्यावरून मुखडा सुचला, आणि अण्णांचे गोवन सहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात भर घातली, त्यातलं 'माका नाका' आमच्या कोंकणीतलंच. बाकी गाणं राजेंद्र कृष्णनी पूर्ण केलं. किशोरकुमारचं एक, आशाताईंचं एक, दोन्ही ऐका.

टुटी फ्रुटी ऐकून ते केलं असं मी म्हणत नाहीये हं, पुराव्याशिवाय असलं लिहिलं की इथे धुलाई होते. पण त्या काळातल्या मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ब्रास आणि सॅक्स वाजवणारे आमचे गोंयकार कितीतरी होते, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेलात नाचाचा बँड. चिक चॉकलेट, मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा, अण्णांबरोबर कितीक सिनेमांत होता. नाचाच्या बँडमधला माणूस रेकॉर्डिंगला बसवला की काय होतं ते न्यू ऑर्लिन्सलाही तेच आणि मुंबईलाही तेच.

ड्रमसेटवाला

@मडगावचो_भाचो देव बरें करूं! अगदी हाच माझा मुद्दा. वादक.

हिशेबनीस

कुणी पैशाचं बोललंच नाही, म्हणून मी बोलतो, सवयीने.

अमेरिकेत तेव्हा १९०९ चा कायदा चालू होता. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे गाण्याच्या हक्कांचे जास्तीत जास्त २ सेंट, आणि हा दर १९७८ पर्यंत बदलला नाही. हे २ सेंट आधी जातात पब्लिशरकडे, म्हणजे गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडे असतात तिच्याकडे. रिचर्डने काय केलं, तर गाण्याचे पब्लिशिंग हक्क ५० डॉलरला कंपनीला देऊन टाकले, आणि रेकॉर्डमागे त्याला मिळणार अर्धा सेंट. पब्लिशिंग कंपनी कुणाची? आर्ट रूपचीच.

आता पॅट बून येतो. गोरा, गुळगुळीत, आईवडिलांना चालणारा. त्याने लगेच हेच गाणं गायलं, शब्द अजून एकदा धुतले ('ती माझं काय करते तुम्हाला माहीत नाही' च्या जागी 'सुंदर सुझी माझ्यासाठी' टाइपचं काहीतरी), त्या धुलाईबद्दल जो लूबिन नावाच्या माणसाचं नाव पण श्रेयात चढलं, आणि बूनचं गाणं पॉप चार्टवर १२ नंबरपर्यंत गेलं, रिचर्डच्या वर. रिचर्डचं आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) चार्टवर २ नंबरला पोचलं, पण तो काळ्यांचा चार्ट. फेब्रुवारी १९५६ मध्ये एल्विस हेच गाणं टीव्हीवर गायला आणि मग त्याच्या पहिल्या एलपीवरही आलं.

लोक म्हणतात बूनने रिचर्डचं नुकसान केलं. हिशेबाने बघा: बून विकला गेला तरी ते २ सेंट रूपच्या कंपनीकडे, एल्विस विकला गेला तरी तिकडेच. म्हणजे कंपनीने ओरडायचं कारणच नव्हतं, गाणं कुणीही गावो. फक्त ज्याच्या तोंडातून ते निघालं त्याला रेकॉर्डमागे अर्धा सेंट. त्याने नंतर केस केली, ऐंशीच्या दशकात तडजोड झाली. आणि मधल्या काळात ते हक्क विकत विकत एटीव्ही या पब्लिशिंग कंपनीकडे गेले, आणि १९८५ मध्ये एटीव्ही घेतली मायकेल जॅक्सनने. बीटल्सची गाणी त्याने घेतली हे सगळ्यांना माहितीये, त्याच गठ्ठ्यात लिटल रिचर्ड पण होता.

तिखट_शेव

५० डॉलर. च्यायला.

कोथरूड_सोडलेला

@हिशेबनीस, हा प्रतिसाद आवडला. बून मात्र माझ्या वडिलांचा लाडका होता, त्याची टुटी फ्रुटी मी आत्ता शोधून ऐकली. वडिलांना इथे न आणलेलं बरं.

पीचट्री_मराठी

जॉर्जियातून. अटलांटापासून मेकन दीडेक तासावर आहे, पाहुणे आले की नेतो. रिचर्डचं लहानपणीचं घर हायवेच्या इंटरचेंजच्या कामात जाणार होतं, ते पाडलं नाही, उचलून दुसऱ्या रस्त्यावर नेऊन ठेवलं आणि आता तिथे वस्तीतल्या लोकांसाठी केंद्र चालतं. एवढंसं लाकडी घर आहे, त्यात डझनभर भावंडं. आत गेल्यावर पहिला विचार हाच येतो की इतक्या गर्दीत ऐकू जायचं तर माणसाला ओरडावंच लागणार.

न्यू ऑर्लिन्सचा तो स्टुडिओ म्हणाल तर तिथे नंतर कित्येक वर्षं लॉन्ड्री होती, कपडे गरगरतायत आणि भिंतीवर फॅट्स डॉमिनोचे फोटो. दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर 'जे अँड एम म्युझिक शॉप' अशी अक्षरं अजून आहेत. ब्लॅकवेलने ड्रम दाराबाहेर ठेवला होता म्हणालात ना, ती खोली मनात ठेवून कोपऱ्यावर उभं राहिलं तर कळतं, एवढ्याशा जागेत ग्रँड पियानो घुसवलाच कसा हा प्रश्न पडतो. ड्यू ड्रॉप इन बरीच वर्षं बंद पडून होतं, आता दुरुस्त करून पुन्हा उघडलंय, हॉटेल आणि स्टेज दोन्ही.

जुनाट_तबकडी

@पीचट्री_मराठी वा! फोटो असतील तर टाका.

हिशेबनीसांनी बूनचं काढलंच आहे तर पुढची गंमत सांगून टाकतो. रिचर्ड म्हणायचा की गोऱ्या पोरांच्या घरी बूनची रेकॉर्ड कपाटावर मांडलेली असायची आणि माझी ड्रॉवरमध्ये लपवलेली. मग पुढच्या रेकॉर्डच्या वेळी, फेब्रुवारी १९५६, तोच स्टुडिओ, गाणं 'लाँग टॉल सॅली', त्याने आणि ब्लॅकवेलने ठरवलं की हे इतक्या वेगात म्हणायचं की बूनची जीभच वळली नाही पाहिजे. एक ओळ आहे त्यात, गल्लीत पटकन सटकतो ती, ती रिचर्डकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतली, अजून फास्ट, अजून फास्ट. बूनने तरी गायलंच! पण या वेळी रिचर्ड ६ नंबरवर आणि बून ८ वर.

आणि ड्रमसेटवाले, बघा हं, 'लाँग टॉल सॅली' वेळ घेऊन, घोटून केलेलं आहे, माझ्या थिअरीप्रमाणे ते कमी ताकदीचं असायला हवं. नाहीये. तेवढ्यापुरता मी गप्प. पण घोटायचं काय हे कळलं ते त्या पंधरा मिनिटांमुळेच ना? तोपर्यंत रिचर्डला स्टुडिओत कसं गायचं हेच सापडलं नव्हतं, चार वर्षं दोन कंपन्या शोधत होत्या.

ड्रमसेटवाला

'तेवढ्यापुरता मी गप्प' याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

एक राहिलं. सॅक्स सोलो सुरू व्हायच्या आधी रिचर्ड जी किंकाळी फोडतो ती ऐका आणि तिथे ली अ‍ॅलन कसा उडी मारून आत येतो ते ऐका. त्या खोलीत पियानो, दोन सॅक्स, गाणारा, सगळे एका हाताच्या अंतरावर, सगळं एका टेपवर मोनोमध्ये, नंतर एकेकाचा आवाज वेगळा काढून सुधारायची सोय नाही. किंकाळी जरा लांबली असती तर सोलोची पहिली फ्रेज गेली असती आणि टेक बाद. ही अशी धाकधूक आता ऐकायला मिळत नाही, आता मी घरी ड्रमचे १२ ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड करतो आणि मग संगणकावर एक एक ठोका सरळ करत बसतो, आणि वाजतं ते मेलेलं.

कोथरूड_सोडलेला

मग सरळ करू नका ना.

ड्रमसेटवाला

बायको पण हेच म्हणते.

तिखट_शेव

ते सगळं ठीक, पण डोरोथीबाईंचं पुढे काय झालं? रिचर्डला अर्धा सेंट, रूपला बाकीचं, मग तिला काही मिळालं की नाही? की तिलाही ५० डॉलर देऊन वाटेला लावलं?

निळी_शाई

मिळालं. श्रेयात पेनिमनबरोबर तिचं नाव राहिलं आणि रॉयल्टीचे चेक तिला पुढेही कित्येक वर्षं येत राहिले, म्हणजे या सगळ्या गोंधळात तिचा व्यवहार इतरांपेक्षा बरा झाला म्हणायचा. आणि तिने लिहिणं सोडलं नाही. न्यू ऑर्लिन्सची गायिका अर्मा थॉमस, तिची पहिलीच रेकॉर्ड, 'डोन्ट मेस विथ माय मॅन', ती डोरोथीची. माझा नवरा घेऊन जा हवं तर, पण माझ्या प्रियकराला हात लावू नकोस, अशा अर्थाचं गाणं आहे.

भिंतीकडे तोंड करून गाणाऱ्याला बिचकणारी बाई असलं लिहीत नाही.

तिखट_शेव

ऐकतो लगेच. कोथरूडवाल्यांनी वडिलांसमोर लावू नये.

जुनाट_तबकडी

निळी_शाई, अर्मा थॉमसवर धागा तुम्हीच काढा. मी ली अ‍ॅलनवर काढतोय, सॅक्स वाजवणारं कुणी असेल तर आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्याचा तो खरखरीत टोन नक्की कसा काढतात ते मला नीट विचारायचंय.